साच्यातली सहा घरं

गुळाचं नाव ठरायच्या आधी साचा सांगून मोकळं होणं फक्त केंदूरच्या हौसरावांच्या घराण्यालाच जमण्यासारखं होतं. बाळाचा पत्ता नाही आणि बारशाच्या घुगऱ्या शिजायला घातलेल्या. थोरला इंद्रजीत भोसरीच्या एका साचेवाल्याकडं वेगळ्याच कामाला गेला होता. तिथं त्यानं चॉकलेटच्या वडीसारखा सहा चौकोनांचा नमुना पाहिला, आपला गूळ आता असाच पाडायचा, एकेका चौकोनावर इंग्रजी नावाचं एकेक अक्षर उठवायचं, असं उभ्या उभ्या ठरवलं आणि इसार देऊन घरी आला. सहाच चौकोन कशाला, असं त्याला कुणी विचारलं नाही. थोरल्याला असलं काही विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. आता साचेवाल्याचा निरोप आला होता की साचा तयार आहे, फक्त अक्षरं कोरायची राहिलीत. ती आज दिवस मावळायच्या आत कळवा, नाहीतर मशीन दुसऱ्याच्या कामाला लागेल, मग बसा शिमग्यापर्यंत वाट बघत.

म्हणून रविवारी सकाळीच सगळे गाडी करून कासुर्डीला सविताच्या दारात उतरले. आबा, म्हणजे हौसराव, पुढच्या सीटवर. मधल्या सीटवर इंद्रजीत आणि धाकटा पृथ्वीराज. त्यांच्या मागं, सामान ठेवायच्या जागी पाय आखडून, मधल्या ज्ञानदेवाची बायको अनिता आणि तिची लेक शितल. ज्ञानदेव अपघातात गेला तेव्हापासून गाडीत बसायची हीच उतरंड होती. ती कुणी लावून दिली, हे विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं.

सविता या घरची एकुलती लेक. तिच्या नवऱ्याचं, सोपानरावांचं, सोलापूर रस्त्याला लागून गुऱ्हाळ होतं, आणि गुळाच्या वड्यांचा नवा कारखाना त्याच जागेवर उभा राहायचा होता. जागा कासुर्डीची, बँकेला तारण केंदूरची जमीन, आणि कोरेगाव भीमाच्या कंपनीतली नोकरी सोडून पृथ्वीराज पूर्णवेळ बघणार, असा बेत. सोपानराव आधी तयार नव्हते. मेव्हण्यांबरोबर धंदा आणि वळूबरोबर झोंबी सारखीच, असं त्यांचं मत. सविताच त्यांच्या मागं लागली, महिनोन् महिने लागली, कारण तिला या सगळ्यात एक गोष्ट हवी होती. माहेरची जमीन भावांच्या नावावर, सासरची नवऱ्याच्या. चाळिशी उलटून गेली तरी हे माझं, असं बोट ठेवून दाखवावं असं तिच्याजवळ गळ्यातल्या मण्यांखेरीज काही नव्हतं. कारखान्यात तिला स्वतःचा वाटा हवा होता. तोंड उघडून मागायची मात्र तिची तयारी नव्हती, आणि आबांनी घातलेल्या अटीमुळं तशी वेळच येणार नाही, असं तिला वाटत होतं.

आबांची अट जुनी होती. त्यांच्या तरुणपणी चार भावांचं मिळून वेळ नदीच्या काठाला गुऱ्हाळ चालायचं. गूळ साच्यात ओतला की तो ऊन आणि मऊ असतानाच एकेक भाऊ आपापल्या ढेपेवर खूण दाबायचा. कुणी अंगठा, कुणी करंगळीतली अंगठी, आबा स्वतः तीन बोटं. ज्याची खूण त्याची ढेप. त्यावरून चार भावांत कधी शब्दाला शब्द लागला नाही, असं आबा सांगत, आणि आबांचे तिन्ही भाऊ गेलेले असल्यामुळं ते खोटं पाडायलाही कुणी उरलं नव्हतं. तर आबा म्हणाले होते, नाव तुमचं इंग्रजी ठेवा नाहीतर फारशी ठेवा, पण जेवढे वाटेकरी तेवढ्यांची खूण त्यात पाहिजे. मग आबांचा एच, इंद्रजीतचा आय, पृथ्वीराजचा पी, सविताचा एस आणि ज्ञानदेवाच्या घराकडून अनिताचा ए, अशी पाच अक्षरं ठरली. पाच अक्षरं, सहा घरं. एक घर मोकळं राहत होतं, त्यामुळं काम सोपं आहे, असा सगळ्यांचा समज झाला.

सोपानराव घरी नव्हते. केडगावला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते आणि संध्याकाळी येणार होते. सविताला ते बरंच वाटलं. तिनं पहाटे उठून मासवड्या केल्या होत्या, रस्सा केला होता, आणि ओसरीवर सतरंजी घालून ठेवली होती.

शब्द शोधायचं काम शितलकडं आलं. ती शिरूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मोबाइलवर रोज इंग्रजी शब्दांचा खेळ खेळायची, एवढीच तिची पात्रता. किती अक्षरांचा शब्द पाहिजे आणि त्यात कुठली कुठली अक्षरं पाहिजेत, एवढं टाकलं की ते सगळे शब्द समोर ओळीनं मांडणारी एक वेबसाइट होती. शितलनं सहाचा आकडा टाकला, पाच अक्षरं टाकली. सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले. आबासुद्धा.

"कामाचे तीनच येतायत," ती म्हणाली. "पहिला, पॅरिश."

"म्हंजी?" आबांनी विचारलं.

"चर्चच्या फादरच्या हाताखालचा भाग. आपल्याकडं कसं देवस्थानाखाली गावं असतात, तसं."

इंद्रजीत सोसायटीचा माजी चेअरमन. येत्या निवडणुकीत पुन्हा उभं राहायचा त्याचा विचार होता. त्यानं नुसतीच नकाराची मान हलवली. दुसरा शब्द मिसहॅप निघाला आणि त्याचा अर्थ अपघात, हे शितलनं खाली बघून सांगितलं. अनितानं पदर सारखा केला.

"आन् तिसरा?" पृथ्वीराजनं विचारलं.

"एफिड्स. म्हणजे मावा. पिकावर पडतो तो."

यावर मात्र पृथ्वीराजला हसू आवरलं नाही. आबाही हसले. औषध मारून मारून ज्याचा नायनाट होत नाही, त्याच्या नावानं गूळ विकायचा म्हणजे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच माघारी. शितल हसली नाही. ती स्क्रीनकडं बघत म्हणाली, "यात डी पण आहे. पप्पांचा. सहाच्या सहा घरांत आपणच आहोत, बाहेरचं एकही अक्षर नाही." मग हसणं आपोआप थांबलं. अख्खं घर ज्यात मावतं असा इंग्रजीत एकच शब्द आणि तो किडीचा, याचं काय करायचं ते कुणालाच कळेना.

नुसतीच पाच अक्षरं जोडून हिप्सा म्हणायचं, असं पृथ्वीराजनं सुचवलं. हिप म्हणजे शरीराचा कुठला भाग ते शितलनं हळूच सविताच्या कानात सांगितलं, सविताला तोंडाला पदर लावावा लागला, आणि तेही बारगळलं. शिवाय इंद्रजीतला अर्थ असलेलाच शब्द पाहिजे होता. पुण्यातल्या मॉलमध्ये गूळ ठेवायचा, पुढं दुबईला धाडायचा, तर वाचणाऱ्याला काहीतरी कळलं पाहिजे. साचा बदलून सात घरांचा घ्यावा, हे सगळ्यांच्याच मनात आलं असणार. पण तसं म्हणणं म्हणजे थोरला चुकला असं म्हणणं. त्यापेक्षा एखादं अक्षर गाळणं सोपं होतं.

कुणाचं, हा प्रश्न जेवणं होईपर्यंत कुणी काढला नाही. मासवड्या झाल्यात झकास, एवढं बोलून झालं. बाहेर रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, शेजारच्या गुऱ्हाळावर रसाची काहिल उतरवल्याचा गोड वास येत होता, आणि पानावर बसलेला प्रत्येक जण मनातल्या मनात दुसऱ्याचं अक्षर खोडत होता. सविता वाढताना एकेकाचं तोंड बघत होती. तिनंही एकदोघांची खोडून पाहिली.

हात धुऊन पुन्हा सतरंजीवर बसल्यावर सुरुवात आबांनीच केली. म्हणाले, माझं काढून बघा. शितलनं एच काढला आणि तिचा चेहरा उजळला. ॲस्पायर. मोठं व्हायची आस धरणं. आबांखेरीज सगळे त्यात होते. पृथ्वीराजनं मांडीवर थाप मारली, अनिता इतक्या वेळात पहिल्यांदा हसली, आणि सविताला वाटलं, सुटलं बाई एकदाचं.

"घ्या की मग हेच," आबा म्हणाले. "माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाई."

हे वाक्य आबा ज्या सुरात म्हणत तो सूर घरातल्या सगळ्यांना पाठ होता. त्याचा अर्थ, खबरदार. इंद्रजीतनं लगेच पलटी खाल्ली. आबांवाचून नावाला अर्थ काय, मुळापासून झाड आहे, वगैरे तो बोलला. आबांनी नको नको म्हणत मान्य केलं. इतका चांगला शब्द असा हातचा गेला.

मग इंद्रजीतनं पी काढून बघायला सांगितलं, सहज म्हणून. लॅव्हिश आलं. लॅव्हिश म्हणजे ऐसपैस, सढळ, बड्या लोकांचं. इंद्रजीतला ते इतकं आवडलं की त्यानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. सविता म्हणाली, चांगलं वाटतं ऐकायला. थोरल्या भावाच्या हो ला हो म्हणायची तिला लहानपणापासूनची सवय. पृथ्वीराजनं तिच्याकडं अशी नजर टाकली की तिला आपली चूक कळली.

"म्हंजी नोकरीबी मीच सोडायची आन् अक्षरबी मीच सोडायचं," तो म्हणाला. "शितल, आय काढून बघ गं."

आय काढल्यावर स्प्लॅश आलं. पाणी उडतं ते. पृथ्वीराजनं ते नाव किती ताजंतवानं आहे, पोरांना कसं आवडेल, याचं वर्णन चालू केलं. इंद्रजीतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो वरून शांत. तो एवढंच म्हणाला की आपण गूळ विकतोय, साबण नाही. सविता या वेळी धाकट्याच्या बाजूनं बोलली, जरा जास्तच बोलली, आणि आता थोरला तिच्याकडं बघायला लागला. दोन्ही भावांच्या मधे उभं राहून तिनं दोघांनाही दुखावलं होतं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांचा समेट झाला.

"ताईचं काढून बघ," पृथ्वीराज म्हणाला.

शितलचा अंगठा फिरत होता तेवढ्या वेळात सवितानं सतरंजीची किनार मुठीत धरली होती, हे तिचं तिलाही कळलं नाही. हॅटपिन, शितल म्हणाली, टोपीला लावायची सुई. आणि फोबिया. फोबिया म्हणजे भीती. आणखी काही खास नाही. इंग्रजी भाषेनं सविताला वाचवलं, भावांनी नव्हे. पृथ्वीराज म्हणालाही, एसशिवाय इंग्रजीचं पानच हलत नाही. सविताला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

आता एकच अक्षर तपासायचं राहिलं होतं. शितलनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता.

"एकदा ते... ए सोडून बघ," इंद्रजीत म्हणाला. अनिताचं असं तो म्हणाला नाही.

शितलनं आईकडं पाहिलं. अनिता पानाला चुना लावत होती. आबांसाठी.

"बघ की," अनिता म्हणाली. "बघायला काय जातंय."

शितलनं बघितलं. पनिश, म्हणजे शिक्षा करणं. श्रिंप, म्हणजे कोळंबी. आणि पॉलिश. पॉलिशला इंद्रजीतनं पकडलं. सगळ्यांना कळणारा शब्द, गावात कळतो, दुबईत कळतो, चकचकीत माल असा अर्थ निघतो. आबांनी विचारलं, बुटाचं का? इंद्रजीत म्हणाला, आबा, तांदळालाबी पॉलिश असतं. शितल म्हणाली, पोलंडच्या भाषेलाही इंग्रजीत असंच लिहितात. मग तर पोलंडलाबी धाडू, पृथ्वीराज म्हणाला. सगळे मोकळेपणानं हसले. ज्याचं काही जात नाही तो मोकळेपणानं हसतो.

ज्ञानदेवाचं घर त्यात कुठं राहिलं, असं आबांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. इंद्रजीतनं सांगितलं, अनिता काय परकी आहे का, शितलचं लग्न आपणच करणार, त्यांना काय कमी पडू देणार आहोत का. पृथ्वीराजनं री ओढली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं दोघांच्या मुखातून बोलत होता. आबांनी अनिताच्या हातातल्या पानाकडं पाहिलं. मग म्हणाले, "सविता, जागा तुझ्या दारची हाय. तू बोल. तू म्हणशील तसं."

कितीतरी वर्षांत आबांनी तिला असं काही विचारलं नव्हतं. ज्या वर्षी सविताला पहिलं मूल झालं, त्या वर्षी भावांनी तिला शिरूरला नेऊन माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडावर सही घेतली होती. सगळ्याच बहिणी करतात, माहेर राहावं म्हणून करतात. येताना इंद्रजीतनं तिला हिरवी पैठणी घेतली होती, आणि ती खूश होती. घरातून निघताना एकट्या अनितानं तिला मोरीपाशी गाठून म्हटलं होतं, वन्सं, वाचून तरी सही करा. ज्ञानदेव तेव्हा जिवंत होता. म्हणजे अनिता स्वतःच्या नवऱ्याच्या फायद्याविरुद्ध बोलली होती, हे सविताला फार उशिरा उमगलं.

हे सगळं तिला आत्ता आठवलं. म्हणजे पुढं ती जे बोलली ते विसरून बोलली, असं नाही. तिनं हिशेब केला. अनिताचं अक्षर राखलं तर भावांपैकी एकाचं जाणार. ज्याचं जाईल तो कारखाना होऊ देणार नाही. कारखाना झाला नाही तर तिचा वाटाही नाही. आणि अनितानंतर या घरात सगळ्यात उपरं कोण, हे तिला ठाऊक होतं. आज अनिता आहे म्हणून ती वाचते आहे.

"पॉलिशच बरंय," सविता म्हणाली. अनिताकडं न बघता म्हणाली.

अनितानं विड्याचं पान दुमडलं, त्यात लवंग खोचली आणि ते आबांच्या हातात दिलं. मग ती पदर आवरून नीट बसली.

"ठरलं न्हवं? बरं झालं," ती म्हणाली. "अक्षराचं माझं काय म्हणणं न्हाई, दादा. काढा. पर भागीदारीचा कागद व्हईल त्यात माझं आन् शितलचं नाव घ्या. आधी ते लिहा, मग म्या बँकेच्या कागदावर सही करती."

इंद्रजीत म्हणाला, अगं, तुझं नाव काय, हायेच की ते. अनिता म्हणाली, हायेच की, असं नको, लिहिलेलं पाहिजे. आवाज चढवला नाही. ज्ञानदेवाच्या पश्चात केंदूरच्या सातबाऱ्यावर तिचं आणि शितलचं नाव लागलेलं होतं, आणि त्यांच्या सहीवाचून जमीन तारण जात नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं. ती कधी बोलून दाखवेल, हे मात्र कुणाला वाटलं नव्हतं. इंद्रजीतनं पृथ्वीराजकडं पाहिलं, पृथ्वीराजनं आबांकडं. आबांनी विडा गालात सारला.

"अक्षर घेतलं तिचं," ते म्हणाले. "कागद द्यायला लागंल. लिहा."

मग इंद्रजीतनं सूत्रं पुन्हा हातात घ्यावीत म्हणून मोठ्यानं सांगायला सुरुवात केली की हरकत नाही, वकिलाला उद्याच सांगतो, आता वाटेकरी असे झाले. आबा. मी. पृथ्वीराज. अनिता आणि शितल मिळून एक. आणि दाजी.

सविताला वाटलं, तो अजून पुढं बोलणार आहे. तो बोलला नाही.

"आन् मी?" तिनं विचारलं.

इंद्रजीत हसला. मनापासून हसला, त्यात कपट नव्हतं, आणि तेच वाईट होतं. "तू काय दाजींपेक्षा येगळी हायेस का? जागा त्यांच्या नावावर, म्हंजी वाटा त्यांच्या नावावर. मागंच बोलणं झालंय आमचं. त्यांनी सांगितलं न्हाई व्हय तुला? आन् तुझं तर अक्षर हाय की साच्यात. दुबईपतोर जाईल."

सोपानरावांनी सांगितलं नव्हतं. रोज जेवायला वाढताना ती कारखान्याचं बोलायची, आणि ते हूं हूं करत ऐकून घ्यायचे. सविता आबांकडं वळली. तिला वाटलं होतं की ज्यांनी अट घातली तेच आता सांगतील.

"आबा, तुम्हीच म्हणाला हुता. ज्याची खूण त्याची ढेप."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलंही. पण वाईट वाटणं आणि काही करणं यांत त्यांच्या वयाच्या माणसाला फार अंतर असतं. "व्हय," ते म्हणाले. "पर तवा कागद नव्हतं, बाई."

चहा टाकते म्हणून सविता आत आली. दूध उतू जाईपर्यंत ती गॅससमोर नुसती उभी होती. मागून अनिता आली, तिनं गॅस बारीक केला, फडक्यानं ओटा पुसला. सविताला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलली तर बरंच होईल. शिव्या दिल्या असत्या तरी सविता ऐकून घेणार होती.

"वहिनी, माझं चुकलं," ती म्हणाली.

अनितानं कपबश्या मांडल्या. "म्या जेवायला बसल्यापासनं ठरवलं हुतं, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही माझं अक्षर राखा म्हणाला असता, तर कागदावर म्या दोघींची नावं घाला म्हणणार हुते. माझी सही अडली हाय तवर त्यांना घालायलाच लागलं असतं. म्या तुमच्या तोंडाकडं बघत बसले हुते."

"मग मघाशी का न्हाई बोलला?"

"तुम्ही राखलं का मला?" अनिता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. मग तिनं चहा गाळला, बाहेर किती जण साखरेचा पितात आणि किती गुळाचा, ते विचारलं, आणि ट्रे उचलून ती ओसरीवर गेली.

सविता ओट्याला टेकून उभी राहिली. भावांचा तिला आला नाही इतका राग स्वतःचा आला. नवऱ्याचा येईल तो संध्याकाळी येईल, त्याला वेळ होता. एका अक्षरासाठी तिनं ज्या बाईला विकलं होतं, तीच एकटी तिला वाटा मिळवून देणार होती, आणि तिला हे आता उरलेला सगळा जन्म ठाऊक असणार होतं.

खिडकीबाहेर अंगणात इंद्रजीत साचेवाल्याशी फोनवर बोलत होता. रस्त्यावरच्या ट्रॉल्यांच्या आवाजानं पलीकडच्याला नीट ऐकू जात नसावं, म्हणून एकेक अक्षर फोड करून, ओरडून सांगत होता. घरात सगळ्यांना ऐकू येत होतं. "लिहून घ्या. पी पुण्याचा. ओ ओतूरचा. एल लोणीचा. आय इंद्रजीतचा, व्हय, इंद्रजीतचा." मग तो क्षणभर थांबला. सविता खिडकीशी सरकली.

"एस," इंद्रजीत म्हणाला, "सासवडचा."